बोटीला उतार नसतो

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै बंदराच्या बोटी त्याआधीच आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात, ओढून वर घेतल्या जातात, शाकारल्या जातात. गेल्या हंगामात ज्यांची इंजिनं धूर टाकू लागली होती, तेल खाऊ लागली होती, त्यांच्या मालकांना मोठं काम काढायला वर्षातली हीच काय ती सवड. प्लास्टिकच्या ताडपत्रीवर पाऊस वाजत असतो आणि खाली, गुडघे मुडपून बसावं लागेल इतक्या जागेत, कुणीतरी हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, नट सैल करत असतं.

माझ्या मामाच्या लाकडी ट्रॉलरचं इंजिन असंच खोललं. अशोक लेलँडचं सहा सिलिंडरचं, ४०० जातीचं. हा आकडा घन इंचांचा, म्हणजे साधारण साडेसहा लिटर. आराखडा मूळचा इंग्लंडच्या लेलँडचा. मद्रासला १९४८ साली अशोक मोटर्स निघाली, १९५५ साली तिची अशोक लेलँड झाली, आणि या घराण्यातली इंजिनं पुढे ट्रक-बसमधून देशभर फिरली. त्यांनाच धुराच्या वाटेवर पाण्याचं मॅनिफोल्ड, तेल साठवणारा वेगळा सम्प आणि मरीन गिअरबॉक्स लावून बोटीत बसवलं गेलं. सुटे भाग किनाऱ्यावर कुठेही मिळतात आणि हात बसलेला मिस्त्री प्रत्येक बंदरात सापडतो, म्हणून ती टिकली. मी स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर, नोकरी पुण्यात. पण दर पावसाळ्यात सुट्टी काढून हर्णैला जातो ते याच कामासाठी.

इंजिन खोलल्यावर खर्चाचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात मत विचारायचं काही नसतं. लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याच्या, वरच्या काठाशी नखाला अडणारी कड आली होती. रिंग जिथवर पोचते तिथवर धातू झिजलेला आणि त्याच्या वर मूळ माप शाबूत. म्हणजे लायनर, पिस्टन, रिंगा नव्या. क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, मायक्रोमीटरने मोजले तर दोन ठिकाणी लंबगोल. क्रँक ग्राइंडिंगला कोल्हापूरला गेला आणि वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) कमी होऊन आला, बेअरिंगा त्या मापाच्या घेतल्या. हेडला दोन व्हॉल्व्हच्या मधल्या पुलावर तडा आहे का ते लाल रंग लावून, पुसून, वर पांढरी पावडर मारून पाहिलं. नव्हता. व्हॉल्व्ह, गाइड, सीट, हेडचं फेसिंग, पंपाचं कॅलिब्रेशन, नोझल, सगळं ओघानं आलंच.

खरा वाद असतो दुसऱ्या भागाचा. एवढं सगळं खोललंच आहे, हाती थोडे पैसे उरलेत, तर आणखी काय सुधारून घ्यायचं?

आमच्या भोवती सल्ला देणारे बरेच होते आणि बहुतेकांच्या सल्ल्याचं तोंड एकाच दिशेला होतं: ताकद. एक म्हणाला, टर्बो बसवा. दुसरा म्हणाला, टर्बो नको, इंजिनाचा डिझेल-पंप वाढवून द्या, डिझेल जास्त सुटलं की आपोआप पळेल. तिसऱ्या नाखव्यानं जुनं काढून अडीचशे अश्वशक्तीचं चिनी इंजिन टाकलं होतं, तो म्हणाला, या भंगारावर पैसे घालूच नका. मामा सगळ्यांचं ऐकून घेत होता. रात्री जेवताना त्यानं मला विचारलं, "तुझं काय म्हणणं? शिकलायस ना हे?"

मी म्हटलं, "मामा, बोट आत्ता किती पळते?"

"रिकामी असेल तर आठ नॉट. क्वचित थोडी वर."

मग मी त्याला पाण्याचा हिशोब सांगितला. पाणी कापत जाणारी बोट स्वतःच एक लाट उठवते आणि त्या लाटेत अडकते. पाण्याला टेकणाऱ्या लांबीचं फुटांमधलं वर्गमूळ काढायचं, त्याला १.३४ नं गुणायचं. येईल तो त्या बोटीचा नॉटमधला स्वाभाविक वेग. मामाच्या बोटीची पाण्यातली लांबी चाळीस फुटांच्या आसपास, म्हणजे साडेआठ नॉट. त्याच्यापुढे इंजिन कितीही दामटलं तरी बोट फक्त मागून बसते, पुढून उठते आणि डिझेल पिते. त्या मर्यादेच्या आतही ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते. सातवरून आठ नॉटवर जायचं तर तासाला जवळपास दीडपट डिझेल, आणि तेवढीच वाट कापायला तीस टक्के जास्त. मामाला डिझेलचं बिल तोंडपाठ असतं. व्हॅटचा परतावा कधी येईल तेव्हा येईल, पंपावर पैसे आधी मोजावे लागतात. तीस टक्के ऐकून त्याचा घास थांबला.

टर्बोचा विचार मी का सोडायला लावला तेही सांगतो. मुळात श्वासानं हवा ओढणाऱ्या इंजिनावर टर्बो लावला की हवा वाढते, डिझेल वाढवता येतं, ताकद येते. पण ती ताकद आधी पिस्टनच्या डोक्यावर पडते. टर्बोसाठी म्हणून बनवलेल्या इंजिनात कंप्रेशन कमी धरलेलं असतं, पिस्टनच्या पोटावर खालून तेलाची धार मारायची सोय असते, गास्केट वेगळं असतं, तेलाचा कूलर मोठा असतो. हे काही न बदलता वर टर्बो ठेवला तर पुढचा दुबळा सांधा शोधायचं काम समुद्रावर होतं. आणि इंजिनातून निभावलं तरी पुढे गिअरबॉक्स आहे, शाफ्ट आहे, पाणी मागे ढकलणारा पंखा आहे. ते सगळे जुन्या ताकदीच्या हिशोबानं बसवलेले. पंप वाढवून देणं तर त्याहून वाईट. हवा तेवढीच, डिझेल जास्त, म्हणजे काळा धूर, तापलेला एक्झॉस्ट आणि शेवटी फुटका पिस्टन. स्वस्तातली ताकद म्हणून हा प्रकार सर्रास चालतो आणि मला त्याचा मनापासून राग आहे. ज्यांच्या बोटीवर तो केला जातो त्यांना हे कुणी सांगत नाही.

नव्या मोठ्या इंजिनाविषयी मात्र माझं मत इतकं सरळ नाही. ज्याची बोट मोठी आहे, जो दूर जातो, जड जाळं ओढतो, त्याला ताकद लागतेच. पण ते इंजिन झेपायला बोटीचा पाया, शाफ्ट, पंखा, टाकी सगळं नव्यानं करावं लागतं. ती दुरुस्ती राहत नाही, निम्मी नवी बोट होते. मामाच्या लाकडाचं वय बघता तो खर्च त्या सांगाड्यावर चढवणं मला पटत नव्हतं.

मग सुधारायचं काय? माझं म्हणणं इतकंच होतं की या इंजिनाला बोटीत जे सोसावं लागतं ते कमी करू. ट्रकमधलं इंजिन घाट चढतं आणि मग उतारावर दम घेतं, सिग्नलला थांबतं, समोरून वारा खातं. बोटीला उतार नसतो. गिअर टाकल्यापासून जाळं ओढून परत येईपर्यंत तोच भार, तासन् तास, बंद खोलीत, खारट हवेत. लेलँडनं केलेली ताकद या कामाला पुरेशी आहे. कमी पडतात त्या भोवतालच्या गोष्टी: पाणी, डिझेल, हवा आणि बिघाड वेळेत कळण्याची सोय.

सगळ्यात जास्त खल झाला तो पाण्यावर. इंजिनात आतापर्यंत थेट समुद्राचं पाणी फिरत होतं. हेड काढलं तेव्हा पाण्याच्या वाटांमध्ये पांढरट-तपकिरी खपल्या जमल्या होत्या, एका भोकात तर पेन्सिल जाईना. खारं पाणी साठ अंशांच्या वर तापलं की त्यातले क्षार धातूवर बसू लागतात. म्हणून असं इंजिन मुद्दाम थंड चालवावं लागतं. आणि थंड चाललेलं डिझेल इंजिन आतून झिजतं: डिझेल पूर्ण जळत नाही, तेलात उतरतं, लायनरच्या भिंतीवर दव धरतं. म्हणजे खारं पाणी दोन्हीकडून मारतं, तापू दिलं तर खपल्या आणि तापू न दिलं तर झीज. आमच्या मिस्त्रींनी मागे एकदा इंजिन तापतंय म्हणून पाण्याचं तापमान राखणारा थर्मोस्टॅटच काढून टाकला होता. किनाऱ्यावर निम्म्या बोटींची हीच कथा असेल. तापण्याचं कारण तसंच राहतं आणि इंजिन उरलेलं आयुष्य कुडकुडत काढतं.

यावर उपाय म्हणजे इंजिनात गोडं पाणी आणि कूलंट फिरवायचं आणि ती उष्णता समुद्राला द्यायची. त्याचे दोन मार्ग. एक, कीलच्या, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्याच्या, बाजूनं बाहेरून नळ्या बसवायच्या, गोडं पाणी त्यातून फिरून थंड होतं. खारं पाणी बोटीत येतच नाही, खाऱ्या पाण्याचा पंप नको, गाळणी नको. दुसरा मार्ग हीट एक्सचेंजरचा: नळ्यांचा जुडगा इंजिनाजवळ, नळ्यांच्या आतून खारं पाणी, बाहेरून गोडं.

मी कागदावर पहिला मार्ग निवडला होता. आंजर्ल्याच्या खाडीचं पाणी गढूळ, खारं पाणी आत घेतलं की गाळ आलाच, पंपातलं रबराचं फिरतं चक्र, इम्पेलर, त्यानं लवकर घासतं. नळ्या बाहेर असतील तर हा प्रश्नच मिटतो. पण मामानं एकाच वाक्यात तो कागद बाजूला केला. "खाडीच्या तोंडाशी वाळू येते, ओहोटीला आत शिरताना कील टेकते. तुझ्या नळ्या पहिल्याच महिन्यात वाळूत जातील." जो माणूस त्या मुखातून वर्षानुवर्षं ये-जा करतो त्यालाच हे माहीत असणार. दुसऱ्या बंदरात, खोल धक्क्याला लागणाऱ्या बोटीवर, मी आजही कीलच्या नळ्याच सुचवेन.

म्हणून हीट एक्सचेंजर घेतला, नळ्या कप्रोनिकेलच्या (तांबं आणि निकेलचा मिश्रधातू), एका टोकाला जस्ताची कांडी. जस्त आधी गंजतं आणि नळ्या वाचवतं; कांडी निम्मी झाली की बदलायची. गाळाचा बंदोबस्त म्हणून दोन गाळण्या शेजारी शेजारी बसवल्या, मध्ये कॉक. एक चालू असताना दुसरी उघडून धुता येते, इंजिन बंद करावं लागत नाही. दोन्हींची झाकणं पारदर्शक, बॅटरी मारली की कचरा दिसतो. आणि खारं पाणी बाहेर पडतं ती नळी मामानं आग्रहानं अशा जागी काढून घेतली की सुकाणूवरून तांडेलला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, धार दिसावी. तांडेल काट्यांपेक्षा त्या धारेकडे जास्त बघतो. धार बारीक झाली की त्याला कळतं, आवाजातही कळतं. थर्मोस्टॅट परत बसला, ८२ अंशांचा.

डिझेलवर त्या मानानं कमी चर्चा झाली, पण माझ्या मते समुद्रात इंजिन बंद पडण्याचं सगळ्यात सामान्य कारण तेच. "इंजिनानं हवा घेतली" किंवा "पाणी आलं", ही दोन वाक्यं बंदरावर रोज ऐकू येतात. टाकी अर्धी रिकामी राहते, रात्री आतल्या भिंतीवर दव धरतं, पाणी तळाला बसतं, पाणी आणि डिझेल भेटतात तिथे काळं बुळबुळीत काहीतरी वाढतं. लाटांत बोट हलली की हे सगळं ढवळून वर येतं. म्हणजे समुद्र खवळलेला असतो, इंजिनाची सगळ्यात गरज असते, नेमकं तेव्हाच फिल्टर चोंदतो. डिझेल-पंपाच्या प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरल (त्याची नळी) यांच्यामधली फट मायक्रॉनमध्ये मोजतात आणि त्या जोडीला वंगण डिझेलचंच. पाण्याचा थेंब तिथे काय करत असेल याची कल्पना करा. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणारं बीएस-६ डिझेल गंधक दहा पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाखांत दहा भागांपर्यंत, उतरवलेलं आहे. वंगणाचा गुण राहावा म्हणून रिफायनरीत त्यात वेगळं मिश्रण घालतात, तेव्हा जुना पंप त्यावर चालायला हरकत नाही. पण कडक झालेली जुनी रबरी सीलं नव्या डिझेलवर पाझरू लागतात, ती पंप खोललेला असतानाच बदललेली बरी.

टाकी बाहेर काढून धुतली, तळाला पाणी सोडायचा कॉक लावला. पंपाआधी पाणी वेगळं करणारे दोन फिल्टर, खाली काचेची वाटी, मध्ये पुन्हा कॉक. पाण्याच्या गाळणीला लावला तोच न्याय.

धोक्याची घंटा हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त भाग, आणि तिच्यात एक बारकावा आहे जो फार कमी लोकांना ठाऊक असतो. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. नळी फुटून पाणी निघून गेलं की तो हवेत उघडा पडतो आणि इंजिन जळत असताना काटा खाली येऊ शकतो. म्हणून तापमानाच्या जोडीला एक्सचेंजरच्या टाकीत पाण्याची पातळी सांगणारा फ्लोट स्विच लावला. तेलाचा दाब, तापमान, पातळी, तिन्ही एकाच भोंग्यावर. भोंगा केबिनबाहेर, कारण जाळं ओढताना केबिनमध्ये कुणी नसतं.

हवेचं काम तर सुताराचंच. हे इंजिन १८०० फेऱ्यांवर मिनिटाला साधारण पाच घनमीटर हवा ओढतं. इंजिनाच्या खोलीला एक दार आणि ते थंडीत बंद. खोलीतली गरम हवाच पुन्हा पुन्हा आत जायची. दोन बाजूंना पाणी न येणाऱ्या खिडक्या केल्या, एक खाली उघडणारी, एक वर. झालं. याच सुमाराला सम्पमधलं तेल उपसायला छोटा हातपंप कायमचा लावून घेतला. इंजिन बोटीत इतकं खाली बसलेलं असतं की ड्रेन नटापर्यंत हातच पोचत नाही, म्हणून तेल बदलायची टाळाटाळ होते. आणि बदललं तरी निम्मं बोटीच्या तळात सांडतं, तिथून पाण्याबरोबर समुद्रात जातं. ज्या पाण्यातून मासळी काढतो त्यातच. आता खलाशी बसल्या जागी पाच-दहा मिनिटांत तेल कॅनमध्ये उपसतो.

काही गोष्टींना मी हात लावू दिला नाही. शाफ्ट बोटीतून बाहेर पडतो तिथल्या ग्लँडला दोरीसारखं पॅकिंगच ठेवलं. पाणी अजिबात न गळणारी नवी सीलं चांगली असतात, पण त्यातलं रबर फाटलं तर दुरुस्ती बोट ओढूनच. पॅकिंग थेंब थेंब गळतं, गळायलाच हवं, त्यानंच शाफ्ट थंड राहतो. आणि जास्त गळू लागलं तर खलाशी पाना घेऊन दोन नट आवळतो. इंजेक्शन पंपही जुना यांत्रिकच राहिला. मायको कंपनीचा हा पंप उघडणारा माणूस रत्नागिरीपासून मुंबईपर्यंत मिळतो. किनाऱ्यापासून दूर, मोबाइलची रेंज गेलेली असताना, जी वस्तू बोटीवरचा माणूस स्वतः उघडून बघू शकतो तिचं मोल कागदावर दिसत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये अरबी समुद्रात क्यार वादळ उठलं तेव्हा किती बोटी आडोशाला धावत होत्या. त्या रात्री कुणी अश्वशक्ती विचारत नव्हतं. इंजिन आणखी काही तास चालेल का, एवढंच प्रत्येकाच्या मनात.

गिअरबॉक्सचा विषय मला अजून सोडवत नाही. सध्याचा दोनास एक आहे, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याची एक. तीनास एक घेतला तर पंखा सावकाश फिरेल आणि मोठ्या व्यासाचा लावता येईल. जाळं ओढण्याच्या कामाला सावकाश फिरणारा मोठा पंखा लहान वेगवान पंख्यापेक्षा केव्हाही सरस, तेवढ्याच डिझेलमध्ये जास्त ओढतो. ताकद हवीच असेल तर ती अशी मिळवावी. पण पंख्याभोवतीची जागा मोजली तर मोठा पंखा बसायला लाकूड कापावं लागत होतं, आणि पैसेही संपत आले होते. मामा म्हणाला, "पुढल्या पावसात बघू." मला ते पटलं, जरी मनातून मी मापं काढून ठेवलीत.

बोट पाण्यात उतरल्यावरचं एक काम लोक घाईत उरकतात. लाकडी बोट ओढून वर ठेवली की तिचा आकार किंचित बदलतो, पाण्यात गेली की पुन्हा बसते. म्हणून इंजिन आणि शाफ्ट यांची कपलिंग जमिनीवर कितीही नीट जुळवली तरी ती खरी मानायची नाही. बोट काही दिवस पाण्यात राहू दिली, फळ्या फुगू दिल्या, मग कपलिंगचे बोल्ट सोडले आणि फट मोजायची फिलर गेजची पाती चार ठिकाणी घालून पाहिली. वर आणि खाली यांत बराच फरक निघाला. इंजिनाच्या पायाखाली पातळ पत्रे सारत, पुन्हा मोजत, फरक ०.१ मिलिमीटरच्या आत आणला. मिस्त्री कंटाळले होते, तरी शेवटचं पातं त्यांनीच घातलं आणि मान हलवली.

राहिलं नव्या रिंगा नीट बसू देण्याचं. "नवं इंजिन आहे, हळू चालवा" असं सगळे सांगतात, आणि मग बोट तासन् तास गिअरविना धकधकत ठेवतात. रिंगा लायनरला घासून बसायला भार लागतो. नुसत्या आयडलिंगनं लायनरची भिंत काचेसारखी गुळगुळीत होते आणि इंजिन जन्मभर तेल खातं. तांडेलला म्हटलं, इंजिन गरम झालं की गिअर टाका, अर्ध्याहून थोड्या जास्त भारावर चालवा, मध्येच वाढवा, मध्येच कमी करा, पूर्ण दाबून ठेवू नका. पहिलं तेल लवकर उपसा आणि ते कॅनमध्ये जपून ठेवा, मी येऊन बघतो त्यात काय चकाकतंय ते. त्यानं वहीत लिहून घेतलं, आणि खाली स्वतःहून एक ओळ जोडली: धार बघत राहणे.